सोळा आण्याचं रान आणि तीन ठिपके



मागच्या आठवड्यात माळावरच्या खड्ड्यांचे फोटो टाकले, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "तात्या, बाग लावायच्या आधी एवढे खड्डे कशाला? माती परीक्षण केलंय ना?" केलंय. दोनदा केलंय. तरी खड्डे घेतले. याचं कारण दोन ओळींत मावेना, म्हणून आज सविस्तर लिहितोय. जरा लांबण लागंल. दुपारच्या विसाव्याला वाचा.

सुरुवात माझ्या चुकीपासून. अकरा वर्षांपूर्वी मी मधल्या पट्टीत, म्हणजे माळ आणि ओढ्याकडची काळी यांच्या मधल्या दोन एकरांत, लिंबू लावला. तीनशे झाडं. रान दिसायला झकास, काळंभोर, ढेकूळ हातात घेतलं की जड लागायचं. मातीचा नमुना दिला होता, पण तो वरच्या एका वितीचा. फळबागेसाठी फूट, दोन फूट, तीन फूट असे थराथरानं नमुने घ्यायचे असतात, हे कृषी सहायकानं सांगितलं होतं. मी म्हटलं, आपलंच रान, आपल्याला माहीत नाही का. दोन वर्षं झाडं जोमात. तिसऱ्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. उसाला केवडा पडतो ना, तसंच. हिराकस फवारला, ड्रिपमधून सोडला, शेणखत घातलं. पंधरा दिवस हिरवं दिसायचं, की पुन्हा पिवळं. पाचव्या वर्षी शेंडे वाळायला लागले. सातव्या वर्षी जेसीबी लावून बाग काढली. त्या बागेसाठी काढलेलं कर्ज बाग काढल्यावर दोन वर्षं फेडत होतो.

झाडाचा खड्डा जेसीबीनं उकरला तेव्हा दीड-दोन फुटांखाली पांढरट थर निघाला. चुनखड. मुळ्या तिथपर्यंत जाऊन आडव्या वळल्या होत्या.

आता खरी गोष्ट. बाग काढली त्याच वर्षी चुलत्यांबरोबर हद्दीचा विषय निघाला. मोजणी मागवली आणि त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हेच्या नकला काढल्या. टिपण, गुणाकार बुक, आकारबंद हे तुम्हाला ऐकून माहीत असंल. त्यात एक प्रतिबुकाचाही कागद आला. प्रतिबुक म्हणजे जमिनीची प्रत ठरवली त्याची वही. सगळं मोडीत. गावातले एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि माझ्या सर्व्हे नंबरचा छोटा आराखडा दाखवला. शेताचे चौकोन पाडलेले. प्रत्येक चौकोनात मातीची खोली, मातीचा वर्ग, प्रतीचा आकडा.

मधल्या पट्टीच्या चौकोनात सव्वा हात खोली. आणि बाजूला तीन ठिपके.

गुरुजींनाही ठिपक्यांचा अर्थ लागेना. अक्षर नव्हतं ते. नंतर एका ओळखीच्या मोजणीदारानं सांगितलं की ती दोषाची खूण आहे, तीन ठिपके म्हणजे चुनखड. मी तिथंच खाली बसलो. दीडशे वर्षांहून जास्त काळ सरकारी दप्तरात लिहून ठेवलेलं होतं, की या तुकड्यात चुनखड आहे. आणि मी तिथं तीनशे लिंबं लावली.

तेव्हापासून या प्रतबंदीचा नाद लागला. मिळेल ते वाचलं, विचारलं. आमच्या इंदापूर तालुक्याचा त्यात मोठा वाटा आहे, हे कळल्यावर तर जास्तच.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. इंग्रजांना शेतसारा बसवायचा होता आणि त्यासाठी कुणाची जमीन किती पिकते हे कळायला हवं होतं. १८२० च्या दशकाच्या शेवटी पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल यानं पहिली मोठी पैमाश केली. हा माणूस रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाच्या सिद्धान्तानं चालणारा. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सरकारचा. कागदावर बिनचूक हिशोब. प्रत्यक्षात खालच्या कारकुनांनी मनाला येईल ते आकडे भरले, लाच चालली, सारा झेपेना. वर पाऊस दगा देत होता, धान्याचे भाव पडले होते. लोकांनी वावरं सोडली, काही तर गावं सोडून शेजारच्या मुलखात गेले. इंदापुरात पडीक रान वाढत गेलं.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापुरात आले. गोल्डस्मिड मुलकी खात्याचा, विंगेट लष्करातला इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशोब बाजूला ठेवला. गावानं मागं किती सारा भरला, कधी थकला, किती रान पडीक पडलं, हे बघून एकूण बोजा कमी केला. तो बोजा शेताशेतांत कसा वाटायचा, एवढ्याच कामाला मातीची प्रत वापरली. १८३६ मध्ये इंदापुरात नवे दर लागले आणि ते तीस वर्षं बदलायचे नाहीत असं ठरलं. हीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून तिचे नियम एका अहवालात मांडले. जॉइंट रिपोर्ट म्हणतात त्याला.

या रिपोर्टातली एक गोष्ट मला फार पटली. दख्खनच्या कोरडवाहू मुलखात जमिनीची ताकद कशावर ठरते? ती ओल किती धरते यावर. आणि ओल किती धरते हे सगळ्यात जास्त कशावर? खोलीवर. म्हणून त्यांनी खोलीलाच धरलं. त्या काळात प्रयोगशाळा नव्हती, सामू मोजायची सोय नव्हती. पहार होती आणि हात होता. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, अठरा इंच.

पद्धत अशी. प्रतबंदी कारकून शेताचा आराखडा काढून त्याचे साधारण सारखे भाग पाडायचा. प्रत्येक भागात खड्डा घ्यायचा. माती तीन वर्गांतली: एकसारखी बारीक, काळी ते गडद तपकिरी, हा पहिला वर्ग, त्याहून जाडसर, बहुतेक तांबूस, हा दुसरा, भरड, मुरमाड, भुरकट, हा तिसरा. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असली की पहिली प्रत, सोळा आणे. दीड हात, चौदा आणे. सव्वा हात, बारा. एक हात, दहा. पाऊण हात, आठ. अर्धा हात, सहा. पाव हात, साडेचार. त्याखाली आणखी दोन प्रती, तीन आणे आणि दोन आणे. एकूण नऊ प्रती.

मग दोष. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीला चिकटपणा नसणं, पाणी न मुरणारी माती, ओढ्याचं पाणी वरून वाहून जाणं, उपळ. एक दोष सापडला की एक प्रत खाली. माझ्या मधल्या पट्टीचं गणित बघा: सव्वा हात काळी, म्हणजे तिसरी प्रत, बारा आणे. तीन ठिपक्यांचा एक दोष. चौथी प्रत, दहा आणे. आराखड्यात चौकोनाखाली दहाच लिहिलंय. मी स्वतः ताळा करून बघितला आणि खरं सांगतो, त्या अनोळखी कारकुनाबद्दल आदर वाटला. उन्हातान्हात कुणाच्या तरी शेतात पहार मारून त्यानं तो चुना बघितला होता.

(इथं एक गैरसमज दूर करतो. हे आणे वेगळे आणि दुष्काळात आपण ज्या आणेवारीवरून भांडतो ती वेगळी. ती त्या वर्षीच्या पिकाची असते. आता तिला पैसेवारी म्हणतात, ५० पैशांच्या खाली आली की टंचाई. प्रतबंदीचे आणे जमिनीचे असतात, पिकाचे नाहीत. परवाच्या ग्रामसभेत दोन्हींची खिचडी झाली होती.)

पावसाचं काय केलं त्यांनी? गावांचे गट पाडले. हवामान, बाजारपेठेची सोय आणि शेतीची रीत बघून गटाचा वरचा दर ठरायचा, आणि त्या दराच्या सोळा आण्यांत तुमच्या शेताचा वाटा किती हे प्रत सांगायची. म्हणजे तेव्हाही त्यांना दिसत होतं की सह्याद्रीजवळची सोळा आण्याची जमीन आणि आमची सोळा आण्याची जमीन एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिमीच्या आसपास पाऊस, आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत, पूर्वेला आमच्याकडं ५०० च्या आसपास. तोही धड नाही. जून-जुलैत हुलकावणी, मधे खंड, आणि खरा पाऊस भाद्रपदात, उत्तरा-हस्ताला.

अशा पावसात खोली म्हणजे काय, ते आजच्या भाषेत सांगतो. भारी काळी माती ढोबळमानानं दर १० सेंमी खोलीला १५ ते २० मिमी पिकाला मिळंल अशी ओल धरते. पावणेदोन हात म्हणजे ८० सेंमी. भरली तर १२० ते १६० मिमी. भर वाढीतलं पीक दिवसाला ४-५ मिमी पितं. म्हणजे महिनाभर आभाळाकडं न बघता पीक तग धरतं. तेच अर्धा हात मुरमाड माती: २०-२५ मिमी, पाच दिवसांची शिदोरी. आपल्याकडं तीन आठवड्यांचा खंड काही नवलाचा नाही. हस्ताच्या ओलीवर पेरलेला शाळू फेब्रुवारीत निघतो तो कशावर? वरून पाणी नाही, खालच्या साठ्यावर. त्यामुळं सोळा आण्याचं रान म्हणजे त्या काळचं शाळूचं रान. माळावरच्या तीन आण्यात बाजरी, मटकी, हुलगा, नाहीतर नुसतं गवत. त्या शेतकऱ्यांना हे कुठल्या बुकातून शिकावं लागलं नव्हतं. कारकुनानं त्यांच्याच रानातलं ज्ञान आकड्यात उतरवलं.

आज विद्यापीठाच्या शिफारशी बघा. कोरडवाहूत २२.५ सेंमीच्या आत माती असंल तर हुलगा, मटकी, गवत, झाडोरा. २२.५ ते ४५ ला बाजरी, तूर, सूर्यफूल. त्यापुढं रब्बी ज्वारी, करडई, हरभरा. आता २२.५ सेंमी म्हणजे किती? नऊ इंच, अर्धा हात. ४५ म्हणजे एक हात. ९० म्हणजे दोन. मापं सेंटिमीटरची झाली, पण पायऱ्या बऱ्याचशा त्याच राहिल्या. शाळूच्या वाणांचंही तसंच: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी ३५-१, भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. मालदांडी निवडली गेली ती इथंच पलीकडं, मोहोळच्या केंद्रावर. भारी रानाचं वाण हलक्यात पेरून "बियाणं बोगस निघालं" म्हणणारे आमच्या गावात दरवर्षी दोघं-तिघं असतात.

इथवर वाचून कुणी म्हणंल, तात्या इंग्रजांची आरती करायला लागला. तसं नाही. हा नकाशा वसुलीसाठी काढला होता, शेतकऱ्यानं काय पेरावं हे सांगायला नाही. त्यामुळं त्याच्या जोरावर जे झालं तेही सांगायला पाहिजे. तीस वर्षं संपली तेव्हा अमेरिकेतल्या युद्धामुळं कापसाचे आणि धान्याचे भाव चढलेले होते. १८६७ च्या फेरआकारणीत इंदापूरचा सारा चांगलाच वाढवला. पुढं भाव उतरले, सारा तसाच राहिला, आणि तो भरायला लोक सावकाराच्या दारात गेले. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, ते सुपं आमच्यापासून लांब नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यातही या दर तीस वर्षांच्या पैमाशीवर कोरडे ओढलेत. खड्डा तोच, माती तीच. दर ठरवणारा हात बदलला की त्याच नकाशाचा फास होतो.

पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठा धडा आमच्या ओढ्याकडच्या काळीत आहे.

तिथला चौकोन सोळा आण्याचा. एकही दोष नाही. आजोबा त्याला 'सोन्याचा तुकडा' म्हणायचे. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, भाटघरचं पाणी बारामती-इंदापूरकडं वळलं. साहजिकच सगळ्यात आधी पाणी कुठं दिलं? सगळ्यात चांगल्या रानाला. सगळ्यांनीच तसं केलं. ऊस आला, गुऱ्हाळं आली. आणि वीस-पंचवीस वर्षांत भारी काळ्या रानातून पांढरी मिठी फुटायला लागली. हे मी ऐकीव सांगत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिकाच काढली. कालव्याचं पाणी झिरपून जमिनीखालची पातळी वर येते, पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार राहतात. उपाय निचरा. शंभर वर्षांहून जास्त झाली हे लिहून, आणि आजही आमच्या गावात ओढ्याकडच्या रानात चर काढायचा म्हटलं की वरचा म्हणतो खालच्यानं काढावा, खालचा म्हणतो वरच्यानं.

सोळा आणे खोटे होते का? नव्हते. जोपर्यंत वरून फक्त पाऊस पडत होता, तोपर्यंत खोल, ओल धरून ठेवणारी माती हीच सगळ्यात चांगली. पाणी वरून ओतायला लागल्यावर तोच गुण अंगावर आला. आणि नकाशाची एक हद्द होती: पावणेदोन हातांच्या खाली कारकून खणतच नव्हता. त्याला गरज नव्हती, पहिली प्रत ठरून गेलेली. पण पाणी सोडायचं असंल तर खाली काय आहे, मुरूम आहे की चिवट चोपण थर, निचरा होतो की तुंबतो, हेच तर बघायला पाहिजे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघालं, आणि १९३८ मध्ये बसू आणि सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याच्या आणि प्रवरेच्या पट्ट्यातल्या जमिनींचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, ते मातीचे वरपासून खालपर्यंतचे थर बघून. पाण्याखालच्या शेतीला असा नकाशा हवा होता. कालवा येऊन तोवर पन्नासेक वर्षं झाली होती.

आमच्या 'सोन्याच्या तुकड्यात' वडिलांच्या उमेदीत एकरी जे टनेज निघायचं त्याच्या निम्मंही आता निघत नाही. पाऊस झाला की आठ दिवस पाय रुततो, ऊन पडलं की तळहात जाईल अशा भेगा. गेली तीन वर्षं ऊस बंद करून आम्ही तिथं चर काढलाय, ताग-धैंचा गाडतोय. सुधारतंय, पण हळूहळू.

आता आजच्या नकाशांकडं येतो. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. त्यांनी साऱ्या राज्याचा माती नकाशा केला, चांगलं काम. पण तो एकास अडीच लाख प्रमाणावरचा. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. त्यात आमचं अख्खं शिवार नखाएवढं. तालुक्याचं नियोजन करायला उपयोगी, माझी मधली पट्टी त्यात दिसणार नाही.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली. बारा घटक: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. खताचा हिशोब करायला कामाची आहे, मी वापरतो. पण तुमची पत्रिका काढून बघा. त्यात मातीची खोली नाही. मुक्त चुना नाही. म्हणजे पहार घेऊन फिरणाऱ्या त्या कारकुनानं ज्या दोन गोष्टी माझ्या शेताबद्दल लिहिल्या, नेमक्या त्याच दोन आजच्या पत्रिकेत नाहीत. शिवाय नमुना ग्रिडप्रमाणं घेतलेला: बागायतात अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. माझ्या नऊ एकरांत तीन तऱ्हेची माती आहे. कृषी अधिकारी मंडळी हे पान वाचतात म्हणून मुद्दाम लिहितोय. पत्रिकेवर खोलीचा एक रकाना वाढवायला किती खर्च येईल?

पावसाचंही तेच. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळात स्वयंचलित केंद्रं बसली, राज्यात दोन हजारांच्या वर. तालुक्याला एक पर्जन्यमापक होता त्या मानानं खूप पुढं आलो. पण एका मंडळात दहा-पंधरा गावं. केंद्रावर पडतो तेव्हा आमच्या माळावर नुसतं आभाळ. म्हणून मी घरी पर्जन्यमापक लावलाय, सहा वर्षं वहीत लिहितोय. सकाळी साडेआठला, रोज. लग्नाला गेलो तरी घरचं कुणीतरी लिहितं.

आणि जुना नकाशाही आंधळेपणानं घ्यायचा नाही. माझ्या माळाच्या चौकोनात पाव हात माती लिहिलीय आणि उताराची तिरकी रेघ, तीन आणे. आज त्या जागी चार बोटंच माती आहे. बाकीची वाहून गेली. उलट, १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर जे बांध पडले, त्यातल्या एका बांधाला गाळ साठून दोन हातांची मळई झालीय. तिथं नकाशात अर्धा हात आहे.

आता खड्डे. पुतण्याला डाळिंब लावायचंय. त्याचं म्हणणं, मधल्या पट्टीत लावू, तिथं ड्रिपची लाइन अजून आहे. मी म्हटलं, माझी लिंबं आठव. तो म्हणाला, डाळिंब चुनखडीत लिंबापेक्षा बरं सोसतं. ते खरं आहे, पण किती चुना सोसंल यालाही हद्द आहे. आणि मला वेगळंच दिसत होतं. डाळिंबाला भारी रान नकोच आहे. त्याला निचरा हवा. सांगोला-आटपाडीकडं ज्या माळांना कुणी विचारत नव्हतं, त्या मुरमाड रानांत ड्रिपवर बागा उभ्या राहिल्या. म्हणजे कारकुनाच्या वहीत तीन आणे असलेलं माझं रान या पिकाला सोळा आण्याचं ठरू शकतं, पण एका अटीवर: खाली कच्चा मुरूम पाहिजे. कातळ लागला तर सगळं मुसळ केरात. आणि हे प्रतिबुकात नाही, कारण त्यांनी फक्त माती मोजली. मुरूम त्यांच्या हिशोबात नव्हता.

म्हणून पुतण्यानं आणि मी माळाचे नऊ चौकोन पाडले, त्याच पद्धतीनं. प्रत्येकात तीन फुटांचा खड्डा. वरच्या, मधल्या आणि खालच्या थराचे नमुने वेगळ्या पिशव्यांत. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब प्रत्येक थरावर टाकले, फेस किती येतो ते बघितलं. (हातमोजे घाला, आणि लेकरांना लांब ठेवा.) मग बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून मोजलं.

पाच खड्ड्यांत तीन फुटांपर्यंत कच्चा मुरूम निघाला, पहारीनं सुटणारा. फेस जवळजवळ नाही, पाणी बघता बघता जिरलं. दोन खड्ड्यांत दीड फुटावर कातळ, पहार टण्ण करून परत आली. उरलेले दोन मधल्या पट्टीला लागून आहेत, तिथं ॲसिड टाकल्यावर दुधासारखं उतू आलं. पुतण्यानं वहीत चौकोन काढून त्या दोनांत तीन-तीन ठिपके दिले. मी सांगितलं नव्हतं.

ठरलं असं: बाग त्या पाच चौकोनांतच, साधारण तीस गुंठे. पुतण्याला दोन एकर करायची होती, चार दिवस घुम्यासारखा वागला, आता रोपांची बोलणी करायला लागलाय. कातळावर गवत. मधल्या पट्टीत नेहमीसारखा शाळू आणि कडेनं करडई. ओढ्याकडच्या काळीत यंदाही धैंचाच.

जुन्या नकला काढताना अर्ज करताय तर टिपणाबरोबर प्रतिबुकाचीही नक्कल मागा, नुसतं "सर्व्हेचे कागद" म्हटलं तर ती मिळंलच असं नाही. मोडी वाचणारा गावात नसंल तर तालुक्याला मिळतो. ठिपके, तिरक्या रेघा अशा खुणा कुणाच्या कागदात दिसल्या तर फोटो टाका, मिळून अर्थ लावू. हस्त बरा झाला तर पुढच्या पोस्टात पेरणीचे फोटो.